वाचक विचारतात : मे महिन्यात मोजलेलं जंगल

मागच्या अंकात ग्रेट निकोबारच्या, म्हणजे अंदमानच्या खाली देशाच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या बेटावरच्या, प्रकल्पाबद्दल जाताजाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी साप, मधमाश्या, गच्चीवरची बाग सगळं बाजूला ठेवलंय. कोल्हापूर कुठं आणि निकोबार कुठं, असं वाटेल खरं, पण पहिलंच पत्र वाचा.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे थोरले चुलते फौजेत होते. रिटायर झाल्यावर सरकारनं माजी सैनिकांना ग्रेट निकोबारला जमिनी देऊन वसवलं त्यात तेही गेले. सुट्टीला गावी आले की सांगायचे, तिकडं झाडावर चढणारे खेकडे आहेत, नारळ फोडून खातात. आम्हा पोरांना थापा वाटायच्या. आता तिथं मोठं बंदर, एअरपोर्ट आणि शहर होणार म्हणतात. मला एवढंच विचारायचंय की असं काम काढायच्या आधी तिथली झाडं, प्राणी, पक्षी कोणीतरी मोजत असेल ना? कसं मोजतात? आणि ते मोजलेलं खरं धरायचं का? (एक वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : दादा, तुमचे चुलते थापा मारत नव्हते. तो नारळी खेकडा, जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांच्या गोतावळ्यात सगळ्यात दांडगा, झाडावर चढतो, नांग्यांनी नारळ सोलतो, फोडतो आणि खातो, आणि निकोबारात तो खरंच आहे. १९६९ पासनं पुढं माजी सैनिकांची कुटुंबं कॅम्पबेल बे या तिथल्या मुख्य गावाच्या बाजूला वसवली त्यात महाराष्ट्रातलीही होती.

आधी आकार डोळ्यासमोर आणूया, कारण पेपरात नुसते आकडे येतात आणि आकडे डोक्यावरनं जातात. अख्खं ग्रेट निकोबार साधारण ९१० चौरस किलोमीटर. आपलं राधानगरी अभयारण्य ३५१, म्हणजे तसली तीनसुद्धा त्या बेटात मावणार नाहीत. प्रकल्पाला धरलेली जागा १६६ चौरस किलोमीटर, त्यात गॅलाथिया खाडीतलं कंटेनर बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि नवं शहर. कोल्हापूर महापालिकेची हद्द ६७ च्या आसपास आहे, तेव्हा अख्खं शहर, सगळ्या पेठा, उपनगरं, रंकाळा धरून अडीच वेळा त्या बेटावर मांडायचं, आणि त्यातलं १३० चौरस किलोमीटर हे जंगल आहे. साधं रान नव्हे, सदाहरित जंगल, जिथं दोन्ही मान्सून पडतात आणि जिथले कितीतरी जीव त्या बेटांच्या बाहेर जगात कुठंच नाहीत.

आता मोजण्याचं. हो, कायद्यानं मोजावंच लागतं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सप्टेंबर २००६ मध्ये एक अधिसूचना निघाली, त्यात या सगळ्या कामाची पद्धत ठरवून दिलीय, सगळे त्याला ईआयए म्हणतात, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचं मूल्यांकन. आधी तज्ज्ञ समिती सांगते काय काय तपासा, मग कंपनीनं नेमलेला सल्लागार जाऊन पाहणी करतो, हवा, पाणी, माती, झाडं, प्राणी, मग मसुदा अहवाल, मग जनसुनावणी, मग परत समिती, मग केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी. ग्रेट निकोबारची जनसुनावणी २७ जानेवारी २०२२ ला कॅम्पबेल बेला झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मंजुरी मिळाली.

प्रत्यक्ष मोजणी कशी होते ते सांगते कारण लोकांना वाटतं कोणीतरी वही घेऊन जंगलात फिरतं आणि दिसेल ते लिहितं. तसं नसतं. झाडांसाठी दोरी लावून चौकोन आखतात, १० बाय १० मीटरचे वगैरे, त्यातलं प्रत्येक खोड छातीच्या उंचीवर टेपनं मोजायचं, असे खूप चौकोन वेगवेगळ्या जागी. पक्ष्यांसाठी ठरलेली सरळ वाट, उजाडताना एकाच चालीनं चालायचं, दोन्ही बाजूला दिसलेला आणि ऐकू आलेला प्रत्येक पक्षी आणि तो वाटेपासनं किती लांब होता हे लिहायचं. सस्तन प्राण्यांना कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरनं गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. वटवाघळांना संध्याकाळी बारीक जाळ्या. बेडूक-पालींना रात्रीच जावं लागतं, डोक्याला टॉर्च, गुडघाभर चिखल. पाण्यातलं कळायला आता ओढ्याचं लिटरभर पाणी गाळून त्यात राहिलेला डीएनए तपासतात, मासा स्वतः दिसला नाही तरी त्याचा माग लागतो. आवाज टिपणारी छोटी यंत्रं झाडाला बांधून ठेवली की आठवडेच्या आठवडे ती ऐकत राहतात.

साधनं चांगली आहेत. प्रश्न साधनांचा नाहीच, प्रश्न असतो किती दिवस दिले आणि कुठल्या महिन्यात दिले याचा. दरवेळी मी तेच बघते आणि तुम्हीही तेच बघा.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी एका खासगी सल्लागार कंपनीनं मला आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या सपाट पठारावर, वनस्पती-प्राणी पाहणीला नेलं होतं. नऊ दिवस, तेही मे महिन्यात. सडा मे मध्ये कसा असतो तुम्हाला माहीत आहे, काळा जांभा इतका तापतो की चपलेच्या तळातनं चटका लागतो, वाळलेलं शेवाळ पायाखाली पापडासारखं मोडतं, चार करवंदीच्या जाळ्या आणि वर टिटवी ओरडत असते. जे दिसलं ते आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं. अहवालात त्याचं एक वाक्य झालं, विरळ गवत असलेली खडकाळ पडीक जमीन. मी म्हटलं पावसाळ्यात परत येऊया, तर उत्तर आलं, बजेट नाही आणि मुदत संपत आलीय. ऑगस्टमध्ये मी स्वतःच्या पैशानं, एसटीनं आणि पुढं चालत, त्याच जागी गेले. त्याच कातळावर बोटभर पाणी, पाण्यात सीतेची आसवं जांभळी होऊन पसरलेली, मधेमधे गेंदाच्या पांढऱ्या टिकल्या, दवबिंदूच्या लाल पानांना चिकटलेली चिलटं, आणि एका ताटाएवढ्या खळग्यात शेकडो बेडूकमासे वळवळत होते. एक दगड उलटवला तर खाली देवगांडूळ, दिसायला गांडुळासारखं पण बेडकाच्या नात्यातलं. मे महिन्यात यातलं एकसुद्धा आम्हाला दिसलं नव्हतं आणि दिसणारही नव्हतं. तो अहवाल तोवर सादर झाला होता, माझी सही त्यावर होती, ती गोष्ट मला अजून टोचते.

आंबोलीचा तो छोटा भेक, बेडकाचाच खरबरीत कातडीचा भाऊ, घ्या, पहिल्या पावसानंतर कातळावरच्या तात्पुरत्या डबक्यात त्याची वीण होते, ते थोडे दिवस चुकले की वर्षभर हुडका. म्हणून ‘आढळलं नाही’ असं अहवालात वाचलं की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा, कधी बघितलं होतं.

निकोबारचंही घोडं इथंच अडलं. एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या कोर्टानं, मंजुरी रद्द केली नाही, पण काही मुद्द्यांवर उत्तरं अपुरी आहेत म्हणून उच्चाधिकार समिती नेमली, त्यातला एक मुद्दा हाच होता की पायाभूत माहिती एकाच हंगामाची आहे, तीन हंगामांची हवी होती. पुढं समितीचं म्हणणं पडलं की एका हंगामाची पुरेशी आहे. मला ते पटलेलं नाही. तिथं लेदरबॅक कासव, जगातलं सगळ्यात मोठं समुद्री कासव, हिवाळ्याच्या महिन्यांत गॅलाथियाच्या वाळूत अंडी घालायला येतं, पावसातले बेडूक पावसात बोलतात, स्थलांतर करणारे पक्षी येतात आणि जातात, हे सगळं एका फेरीत कसं गाठणार.

आणि एक साधा प्रयोग, हा कोणीही करू शकतं. मी एक वर्ष दर रविवारी सकाळी रंकाळ्याला दीड तास पक्षी लिहिले. पहिल्या दिवशी एकवीस जाती झाल्या, मला वाटलं झालं की. दुसऱ्या रविवारी सहा नवीन, तिसऱ्याला चार, मग दोन, मग एक, मग दिवाळीनंतर बाहेरची बदकं आली आणि यादी परत वाढली. ही वाढ कागदावर काढली की रेघ आधी चढावर चढते आणि मग हळूहळू आडवी होते. रेघ आडवी झाली की समजायचं बहुतेक सगळं हाताला लागलं. रेघ अजून वर जात असताना पाहणी थांबवली असेल तर ती अर्धी पाहणी. हा आलेख कुठल्याही चांगल्या अहवालात असतो. नसेल तर का नाही, हे विचारायचं.

प्रश्न : मी सिव्हिल इंजिनिअर आहे, राजारामपुरीत ऑफिस आहे. राग मानू नका पण आम्ही रस्ता काढायला गेलो की कुठलातरी बेडूक आडवा येतो आणि दोन वर्षं काम लटकतं. देशाला बंदर नको का? कासवासाठी किती थांबायचं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : राग कशाला, प्रश्न रास्त आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आपलं बंदर असावं असं ज्यांना वाटतं त्यांचं म्हणणं मी ऐकून घेते, ते काही उगाच नाही. पण तुम्ही इंजिनिअर आहात म्हणून तुमच्याच भाषेत बोलते.

समजा तुम्हाला पंचगंगेच्या काठी सोसायटी बांधायचीय आणि सल्लागार म्हणाला, मी १५ मे ला नदी बघून आलो, पाणी गुडघ्याइतकं आहे, पूररेषा इथं आखूया. तुम्ही त्याला दारात उभं कराल का? राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, आपण सगळ्यांनी ते बघितलंय, व्हीनस कॉर्नरला बोटी चालल्या होत्या. नदीचं माप पावसाळ्यात घ्यायचं असतं हे कोल्हापुरातल्या शाळकरी पोराला कळतं. जंगलाचंही तसंच, फक्त जंगल दारात पाणी घेऊन येत नाही म्हणून आपण मे मधलं माप चालवून घेतो.

दोन वर्षं लटकतं म्हणता ते का लटकतं बघा. जागा आधी ठरते, किंमत ठरते, टेंडरची तयारी होते, आणि मग शेवटी प्राण्यांची पाहणी, तीही घाईनं. मग कोणीतरी कोर्टात जातं. हीच पाहणी जागा ठरवायच्या आधी, चार पर्यायी जागांवर, वर्षभर केली असती तर कुठं हात लावायचा नाही हे नकाशावर आधीच दिसलं असतं, तुमचा रस्ता थोडा वळला असता आणि वाचला असता. माती परीक्षणाचे बोअर पाया खोदल्यावर घेता का तुम्ही?

बेटाचं अजून एक वेगळं असतं. राधानगरीतला एखादा पक्षी उठला तर त्याला आंबोली, तिलारी, गोव्यापर्यंत जंगल आहे. ग्रेट निकोबारचा तो छोटा सर्पगरुड उठला तर पुढं समुद्र. शिवाय बेटावरचं नुकसान नुसतं बुलडोझरनं होत नाही, बंदरातनं काय उतरतं त्यानंही होतं. पॅसिफिकमधलं ग्वाम बेट बघा, दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी मालाबरोबर तिथं एक तपकिरी झाडसाप गेला, बेटावरच्या पक्ष्यांना असा शत्रू कधी माहीतच नव्हता, आणि जंगलातल्या मूळच्या बारा जातींपैकी दहा जाती त्या बेटावरनं गेल्या. अंदमानात इंग्रजांनी शिकारीसाठी चितळ सोडले, वाघ-बिबट्या नाहीत, चितळांनी जंगलातली कोवळी रोपं साफ केली. तिथल्याच इंटरव्ह्यू बेटावर एका लाकूड कंपनीनं हत्ती आणले, कंपनी १९६२ मध्ये बंद पडली, हत्ती तिथंच राहिले आणि झाडांच्या साली काढत रानटी झाले.

आणि सगळ्यात जवळचं उदाहरण. मृगात आपल्या उसाच्या सरीत, शेताच्या कडेला जो पिवळाधमक दांडगा बेडूक डरावतो ना, आपल्या शेताचा तो मित्र, तोच बेडूक अंदमानात बाहेरचा घुसखोर झालाय. मत्स्यबीजाबरोबर गेला असावा असं मानतात. त्याचे बेडूकमासे तिथल्या मूळच्या बेडकांच्या पिल्लांना खातात. म्हणजे जीव वाईट नसतो, जागा चुकते. म्हणून चांगली पाहणी काय असते, तर आज काय आहे एवढंच नाही, उद्या जहाजातनं, मातीतनं, कुंडीतनं, पाळीव मांजर-कुत्र्यांतनं काय येईल आणि ते कसं अडवायचं हेही त्यात लागतं. साधारण आठ हजार माणसांच्या बेटावर लाखांनी वस्ती आणायची तर हा भाग अहवालात सगळ्यात जाड असायला हवा.

तेव्हा किती थांबायचं याचं माझं उत्तर, सलग एक वर्ष, बारा महिने, जागा ठरायच्या आधी. एवढ्या मोठ्या कामात ते जास्त नाही.

प्रश्न : मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, बॉटनी. सर म्हणाले की तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडं झाडं लावतात आणि प्रवाळही उचलून दुसरीकडं लावणार आहेत. मग नुकसान भरून निघतं ना? (एक विद्यार्थिनी, गारगोटी)

उत्तर : बाळ, तुझे सर म्हणाले ते खरं आहे, तसं ठरलंय. प्रकल्पाच्या कागदात प्रवाळांच्या २०,६६८ वसाहती धरल्यात आणि त्यातल्या १६,१५० हलवायच्या असं आहे. उरलेल्या चार हजार पाचशेवर काय, हा प्रश्न न्यायाधिकरणानंही काढला होता. प्रवाळ हलवता येतात, तुकडे काढून दुसऱ्या खडकावर किंवा चौकटीवर चिकटवतात, काही जगतात. पण नवीन जागी पाणी तेवढंच निवळ पाहिजे, उबही तेवढीच, आणि शेजारी गाळ काढायचं काम चालू असेल तर गाळाचं पाणी बसून ते गुदमरतात. १९९८ आणि २०१० मध्ये समुद्र तापला तेव्हा अंदमान-निकोबारचे प्रवाळ पांढरे पडले होते, कुणी हात न लावता. त्यावर पुन्हा हलवाहलव म्हणजे तापात असलेल्या माणसाला घर बदलायला लावणं.

झाडांची भरपाई हरियाणात. हे वाचून मी दोनदा बघितलं. दोन हजारांहून जास्त किलोमीटर लांब, कोरड्या हवेत. तिथं झाडं लावायलाच हवीत, अरवलीला त्यांची गरज आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ती निकोबारच्या जंगलाची भरपाई कशी होईल? गारगोटीतली देवराई तोडून सोलापूरच्या माळावर कडुनिंब लावले तर तू काय म्हणशील?

तुला मेगापोडचं सांगते, मग तुझं तूच ठरव. निकोबारचा हा पक्षी, कोंबडीएवढा, तपकिरी, अंड्यावर बसतच नाही. नर-मादी पायांनी वाळू, माती, कुजका पाला ओढून ओढून ढिगारा करतात, किनाऱ्याजवळच्या झाडीत, आणि अंडी त्यात पुरतात. तुमच्याकडं घरी उकिरडा असेल तर थंडीत सकाळी त्यात फावडं घाल, वाफ येते बघ, हात घातला तर कढत लागतं. कुजण्याची तीच ऊब अंडी उबवते. पिल्लू आतनं स्वतः माती उकरून वर येतं, पंखासकट, आणि आई-बापाकडं न बघता जंगलात निघून जातं. एकेक ढिगारा वर्षानुवर्षं वापरात राहतो. आता हा ढिगारा हरियाणात कसा न्यायचा? तो पाला, ती ओल, किनाऱ्यापासनं तेवढं अंतर, हे सगळं मिळून ते घर असतं. २००४ च्या त्सुनामीत किनाऱ्यावरचे असे खूप ढिगारे वाहून गेले, बेटाच्या दक्षिण टोकाची, इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरच्या वर खचली, आणि त्यातनं उरलेले पक्षी आत्ता कुठं सावरत होते. लेदरबॅकचंही तसंच, त्सुनामीत गॅलाथियाची वाळूच गेली होती, वर्षांनी पुळण परत भरली आणि कासवं परत आली. ती आली कारण मधल्या काळात तिथं कुणी धक्का बांधला नव्हता. अंदमानात ट्रान्समीटर लावलेली याच जातीची कासवं पोहत कुठं गेली तर काही ऑस्ट्रेलियाच्या दिशेला, काही आफ्रिकेकडं. गॅलाथियाची खाडी राखीव अभयारण्य होती, जानेवारी २०२१ मध्ये तिचा तो दर्जा काढला.

तुमच्या अभ्यासात क्रम शिकवतात तो पाठ नको करू, समजून घे. आधी टाळायचं. टाळता येत नसेल तर कमी करायचं. मग बिघडलेलं जागेवर नीट करायचं. आणि यातलं काहीच जमत नसेल तर भरपाई. आपल्याकडं बहुतेक अहवाल भरपाईपासनं सुरू होतात, टाळण्याचं पान शोधावं लागतं.

प्रश्न : प्राण्यांचं एवढं मोजता, तिथल्या माणसांचं काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : थोडक्यात सांगते कारण या विषयावर माझ्यापेक्षा जाणकार लोक लिहितात. तिथं शोंपेन आहेत, २०११ च्या जनगणनेत २२९, जंगलावरच जगणारे आणि बाहेरच्यांपासनं लांब राहणारे. निकोबारी आहेत, त्सुनामीत त्यांची किनाऱ्यावरची गावं गेली, परत आपल्या जागी जायची त्यांची मागणी आहे. त्यांच्या आदिवासी परिषदेनं आधी दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये मागं घेतली. माझ्या विषयापुरतं एवढंच म्हणते की पाहणीला जाणाऱ्यानं पहिल्यांदा यांना विचारायला हवं, अर्थात त्यांना बोलायचं असेल तर, शोंपेनांना गाठून त्रास द्यायचा नाही. आपल्या सड्यावर मला कुठला खळगा कधी आटतो हे एका धनगर आजींनी सांगितलं, अहवालवाल्या नऊ दिवसांत त्यांच्या खोपटाकडं आमच्यातलं कुणी गेलंच नव्हतं.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या गावाजवळ खाण येणार अशी कुणकुण आहे. असा अहवाल आला तर सामान्य माणसानं त्यात काय बघायचं? दोन-तीनशे पानं इंग्रजी असतात, घाबरायला होतं. (एक वाचक, शाहूवाडी तालुका)

उत्तर : घाबरू नका, सगळं वाचायचंच नाही. मंत्रालयाचं परिवेश नावाचं संकेतस्थळ आहे तिथं प्रकल्पाची कागदपत्रं मिळतात. जनसुनावणीच्या निदान तीस दिवस आधी पेपरात जाहिरात द्यावी लागते, एक स्थानिक भाषेतल्या पेपरात, आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळायला हवा, मिळाला नाही तर हीच पहिली तक्रार.

मी काय करते ते सांगते. सगळ्यात आधी तारखा. पाहणी कुठल्या महिन्यात, एकूण किती दिवस, रात्री कुणी गेलं होतं का. तुमच्या सड्यावर मार्च ते मे मध्येच उरकलं असेल तर ऑगस्टचं काय हे जनसुनावणीत उभं राहून विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. मग मागं जोडलेली प्राण्या-पक्ष्यांची यादी. ती गावातल्या दोन जुन्या माणसांना वाचून दाखवा, मराठी नावं सांगून. तुमच्याकडं कधीच नसलेले प्राणी यादीत निघाले तर यादी दुसऱ्या कुठल्या अहवालातनं उचललीय, आणि रोज दिसणारा गवा किंवा शेकरू यादीत नसेल तर कोणी जागेवर गेलंच नाही. मी असे दोन्ही प्रकार बघितलेत. मग नकाशा, ओढे, झरे, देवराई दाखवलीय का. शेवटी शेजारी अजून कुठल्या खाणी आहेत का, कारण प्रत्येक खाण आपला एकटीचा परिणाम सांगते, चार मिळून त्या ओढ्याचं काय होईल ते कोणी लिहीत नाही.

पोरांना घेऊन आत्तापासनं नोंदी सुरू करा. साधी वही, तारीख, वेळ, जागा, काय दिसलं, मोबाईलवर फोटो. खाण येवो न येवो. वर्षभराची तारीखवार वही समोर ठेवली की नऊ दिवसांच्या अहवालाला तिच्यापुढं बोलणं अवघड जातं. मंजुरी मिळालीच तर तीस दिवसांत हरित न्यायाधिकरणाकडं अपील करता येतं, आपल्या भागासाठी त्याचं पीठ पुण्यात आहे, उशिराचं कारण पटलं तर आणखी साठ दिवस मिळतात, पण त्या भरवशावर राहू नका.

अहवाल तयार करणाऱ्याचे पैसे प्रकल्पवालाच देतो ही या सगळ्यातली मुळातली खोट आहे आणि ती तुमच्या-माझ्यानं एका दिवसात जाणार नाही. पैसे एका स्वतंत्र खात्यात भरायचे आणि सल्लागार तिसऱ्याच कुणी नेमायचा, असं व्हायला हवं, हे मी दर वेळी लिहिते आणि लिहीत राहणार.

वही कशी ठेवायची हे बघायचं असेल तर शाळेच्या पोरांना घेऊन कुठल्याही रविवारी सकाळी साडेसहाला रंकाळ्यावर शालिनी पॅलेसच्या बाजूला या, मी असते. दुर्बिणी तीन आहेत, आलटून पालटून बघता येतं. पाऊस असला तरी येते, छत्री आणा.